भीमराजकाकांची पेन्सिल

“काका, पोस्टरवरचे तुमचे देवीचे वण कुठी गेले?”

विचारलं बाई एकदाचं! लालीने पैज लावली होती, की भीमराजकाकांना हे तोंडावर विचारून दाखव, पंधरा दिवस वर्गातलं तुझ्या पाळीचं झाडणं मी करीन. लाली राठोड तांड्यावरून शाळेला येते आणि शब्दाची पक्की आहे, म्हणून मी विचारलं. नाहीतर मी काही एवढी आगाऊ नाही. म्हणजे आहे, पण ती आत्ता आत्ता झाले. माझ्या डाव्या गालावर कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत भाजल्याचा डाग आहे. दोन वर्षांची असताना आंबिलीचं तपेलं अंगावर आलं होतं. आठवीपर्यंत मी डावा गाल भिंतीकडे करून शेवटच्या बाकावर बसायची आणि हजेरीला ‘हजर’ म्हणण्यापलीकडे तोंड उघडायची नाही. नववीत बाईंनी जबरदस्तीने वक्तृत्वाला उभं केलं, तालुक्यात माझा पहिला नंबर आला, आणि तेव्हापासून बाईच म्हणतात की आता हिला थांबवायचं कसं ते मला कोणी सांगा.

काका ओसरीवर अर्जांवर सह्या करत होते. मान वर न करता म्हणाले, “कोणं पाठवलं तुले?”

“कोणी नाही. माहं मीच.”

“मंग त्या पेरूमागं तीन वेण्या कायच्या लोंबून राह्यल्या?”

पेरूच्या झाडामागून फिसकन हसू आलं आणि तिन्ही वेण्या पळाल्या. मैत्रिणी या अशा! मी मात्र उभी राहिले. आता ओरडा बसणार असं धरूनच चालले होते. काकांनी मान वर केली. त्यांच्या तोंडावर वण इतके आहेत की नुकत्याच टाकी लावलेल्या पाट्यासारखं ते दिसतं. आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेला त्यांचा फोटो मात्र साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत. ‘पंचायत समितीसाठी आपला माणूस, भीमराज मुनेश्वर.’

“वण नागपूरले राह्यले,” काका म्हणाले. “छापायचा ब्लॉक करणाऱ्याच्या टेबलावर. पक्षाच्या हापिसानं फोटो मागतला, म्या देला. छापून आलं तं हे असं.”

“मंग तुम्ही त्यायले बोलले काहून नाही?”

“लोकायले आवडलं म्हणतेत.” त्यांनी पुढच्या अर्जावर सही केली. मग म्हणाले, “बस.”

मी पायरीवर बसले. लालीचं झाडणं पक्कं झालं होतं, तरी बसले. कारण त्यांनी ते ज्या तऱ्हेने सांगितलं, तसं कोणी दुसऱ्याच्या चपला हरवल्याचं सांगतो.

आमचं गाव पांढरकवड्याहून नागपूरकडे जाताना हायवेवर लागतं. ट्रकवाले तिथे चहा पितात आणि पुढे जातात. तेवढ्या गावात काकांनी अठ्ठेचाळीस साली फोटोचं दुकान काढलं. यवतमाळच्या एका स्टुडिओत काम करता करता ते शिकले होते. पाटी अजून आहे, ‘मथुरा फोटो स्टुडिओ’. लहानपणी मला वाटायचं मथुरा म्हणजे ते कृष्णाचं गाव. नंतर कळलं की मथुरा ही काकांची एकुलती एक मुलगी, फुलसावंगीला दिलेली. ती माहेरी येत नाही एवढंही मला माहीत होतं. का ते माहीत नव्हतं.

बाकीचे फोटोवाले गिऱ्हाइकाच्या हनुवटीला बोट लावून मान हवी तशी फिरवतात. काकांनी कधी कोणाला बोट लावलं नाही. सुरुवातीला गावाने लावूच दिलं नसतं. आमच्या लोकांची सावली चालत नव्हती, तिथे बोट कोण चालवून घेणार? म्हणून ते नुसत्या बोलण्यावर माणसाला बसवायला शिकले. “हनुवटी थोडी खाली. खांदा सोडा. आता डोळे माह्याकडं.” बाबा सांगतात की ज्यांच्या घरात काकांना उंबऱ्याच्या आत घेत नसत, तेही काकांनी डोळे माझ्याकडे म्हटलं की निमूटपणे बघत. छप्पन साली आमचा सगळा मोहल्ला पांढरे कपडे घालून नागपूरला दीक्षेला निघाला, तेव्हा काकांनी एसटीच्या टपावर चढून सगळ्यांचा फोटो काढला. तो आमच्याकडे प्रत्येक घरात आहे. आईच्या कडेवरची पाच वर्षांची मी त्यात आहे, डावा गाल आईच्या खांद्यात खुपसलेला.

पुढे काकांनी दुकानातले फोटो बंद केले आणि नागपूरच्या पेपरला बातम्यांचे फोटो पाठवायला लागले. ट्रक उलटला, नाल्याला पूर आला, झरीकडे जंगल पेटलं, की काका सायकलवर. फोटो धुऊन पाकिटात घालायचे आणि संध्याकाळच्या एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे. चौथ्या दिवशी पेपरात. त्यातला नळाचा फोटो तर आम्हाला शाळेतसुद्धा ठाऊक आहे. आमच्या मोहल्ल्यात पहिल्यांदा नळ आला. उद्घाटनाला नळाला झेंडूची माळ, समोर सरपंच ओंजळ धरून, मागे टाळ्या. तोटी फिरवली आणि पाणीच नाही! सरपंच तसेच वाकून, ओंजळ रिकामी, चेहरा असा की आत्ता येईल, आत्ता येईल. काकांनी नेमकं तेव्हा बटण दाबलं. फोटो छापून आला आणि आठव्या दिवशी नळाला पाणी. बासष्ट साली मोहल्ल्याने काकांना ग्रामपंचायतीवर निवडून दिलं. ते नको नको म्हणत होते म्हणतात. बाबा म्हणतात, “नको कायचं? थोडंसंच म्हणला.”

मेंबर झाल्यावर कॅमेरा पेटीत गेला. आता फोटो काकांचा निघतो. यवतमाळचा माणूस येऊन काढतो.

तर मी पायरीवर बसले होते आणि बघत होते. तासाभरात अकरा माणसं आली. अकराही जणांना काका हो म्हणाले. देवीलालला हायवेलगतच्या मोकळ्या जागेत पिठाची गिरणी टाकायची होती. हो. त्याच्यामागून धावजी आला, त्याला त्याच जागेवर समाजमंदिर पाहिजे होतं. हो! मला हसू आवरेना. पण एक गोष्ट बघून हसू गेलं. फोटो काढायला आलेली माणसं काकांकडे बघत असतील, डोळ्यात डोळे घालून, श्वास धरून. सही घ्यायला आलेली माणसं पेनकडे बघत होती. अकरांपैकी एकानेही वर पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर काका पेनाचं टोपण लावून फाटकाकडे बघत राहिले, अजून कोणी येतंय का म्हणून. मी तिथेच होते, पण मला त्यांनी धरलंच नव्हतं.

“तू गेली नाही?”

“तुम्हीच बस म्हणले ना.”

“व्हय का,” ते म्हणाले. “जाय आता. घरी वाट पाह्यत असतीन.”

दोन दिवसांनी काका आमच्याकडे आले. म्हणजे बाबाच त्यांना ओढून घेऊन आले. माझे बाबा, उकंडा नगराळे, रस्त्याच्या कामावर मुकादम आहेत. डांबर टाकणाऱ्या पन्नास माणसांवर ओरडून ओरडून त्यांचा आवाज एवढा झाला आहे की मोहल्ल्यात काकांच्या प्रचाराला भोंगा लागत नाही. चहा झाला. बाबा म्हणाले, “भीमराजभाऊ, रविवारी आमच्या सत्तीचा एक फोटो काढून दे. वर्ध्याच्या तारऑफिसात पोरगा हाय. मेश्रामाचा. चांगले लोक हायेत. त्यायले आधी फोटो पाह्यजे.”

मी आतल्या दाराशी होते. माझा फोटो, वर्ध्याला! कोणी मला सांगितलंसुद्धा नव्हतं.

“कॅमेरा पेटीतून काढा लागन,” काका म्हणाले.

“काढ ना मंग. आन् हे तेवढं…” बाबांनी स्वतःच्याच डाव्या गालावरून तीन बोटं फिरवली. “हे तेवढं पुसून टाकजो.”

काकांनी रिकामी बशी उचलली, पुन्हा ठेवली. “उकंडाभाऊ, ते काम सोडून मले नऊ वर्सं झाली.”

“सोडलं म्हणजे इसरला काय? तुह्यासारखा हात जिल्ह्यात नाही. पोरीचं भलं होऊन राह्यलं भाऊ. आन् मी काय परका हाओ? पंधरा दिवसांपासून तुह्यासाठी बोंबलून राह्यलो गावभर. म्या कधी तुले काही मागतलं?”

आई उठून आत आली. ती चुलीपाशी उगाचच राख सारखी करत बसली.  मग बाहेरून काकांचा आवाज आला.

“बरं.”

मी ओसरीवर अकरा वेळा ऐकलेला ‘हो’ आणि हे ‘बरं’ अगदी एका आवाजातले होते.

खरं सांगते, दोन गोष्टी एकदमच मनात आल्या. एक, की लग्न ठरलं तर मॅट्रिक गेली. पुढच्या वर्षी मी अकरावीला म्हणजे मॅट्रिकलाच, आणि बाई म्हणतात की फर्स्ट क्लास कुठे जात नाही. आणि दुसरी, की फोटोत माझा गाल साफ असेल! खोटं कशाला सांगू, पहिलीपेक्षा दुसरीनेच छातीत जास्त धडधडलं.

रविवारी सकाळी आईची जांभळी साडी नेसून मी स्टुडिओत बसले. मागे रंगवलेला पडदा. त्यावर तळं, दोन हंस आणि कुठेच न जाणारा जिना. हंसांना टेकून निवडणुकीचे झेंडे ठेवले होते, ते काकांनी बाजूला केले. पेटीतून कॅमेरा काढताना त्यांनी तो दोन्ही हातांनी असा धरला जसं कोणाचं झोपलेलं मूल धरतात. मग काळ्या कपड्याखाली डोकं घातलं, आणि काय सांगू, आतून वेगळाच माणूस बोलायला लागला.

“हनुवटी खाली. जराशी. बस. खांदा सोड.”

बाबा म्हणाले, “सत्ते, मान तिकडं कर. उजवा गाल पुढं.”

“उकंडाभाऊ,” काळ्या कपड्याखालून आवाज आला, “तू बाहेर बस.”

“काहून? मी काय…”

“बाहेर बस म्हणतो ना.”

आणि माझे बाबा, ज्यांच्या ओरडण्याने रोलर थांबतो, ते मुकाट्याने बाहेर गेले!

“आता समोर पाह्य,” काका म्हणाले. “सरळ. डोळे माह्याकडं. हलू नको.”

मी बघितलं. रस्त्यावर माणसं माझ्या तोंडाकडे बघतात आणि लगेच दुसरीकडे बघतात. तेवढ्या वेळात काय बघायचं ते बघून घेतात. काका किती तरी वेळ बघत होते. मला एरवी एवढा वेळ गप्प बसता येत नाही, पण बसले. आणि मला एकदाही गाल झाकावासा वाटला नाही. मग खट् झालं, आणि काका कपड्याखालून बाहेर आले ते पुन्हा मेंबर होऊन. “झालं हो भाऊ, या आत,” म्हणाले.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी फोटो आणायला गेले. काका खिडकीपाशी बसले होते. समोर उतरतं लाकडी चौकटीचं टेबल, मध्ये काच, काचेखाली आरसा. आरशातून खालून उजेड येत होता आणि काचेवर मी होते, पण उलटी! केस पांढरे, तोंड काळं, डोळे भुतासारखे. मी जोरात हसले.

“निगेटिव्ह असते ते,” काका म्हणाले. “याच्यात सगळं उलटं. काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. हा पाह्य तुहा डाग.”

काळ्या गालावर एक लांबट जागा होती आणि तिच्यातून खालचा उजेड आरपार येत होता. माझ्या डागातून उजेड! मी वाकून वाकून बघितलं.

काकांच्या हातात पेन्सिल होती. तिचं शिसं बोटभर लांब आणि सुईसारखं घासलेलं. हा उजेड पेन्सिलीने बारीक बारीक टिपक्यांनी भरत जायचा, मग कागदावर डाग उमटत नाही, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मग पेन्सिल तशीच धरून विचारलं, “काढू?”

“बाबानं सांगतलं ना तुम्हाले.”

“बाबानं सांगतलं. मी तुले इचारून राह्यलो.”

 हे मला कोणी कधी विचारलंच नव्हतं. आई विचारत नाही, ती फक्त रात्री झोपताना त्या गालाला खोबरेल लावते. पोरी विचारत नाहीत. मला वाटायचं की मी आता त्याच्या पलीकडे गेले आहे.

“काढा,” मी म्हणाले.

“पक्कं?”

“हो. एकदा पाहू तं द्या काका, कशी दिसली असती मी.”

त्यांनी मान हलवली आणि चष्मा घातला. पहिला टिपका ठेवायला किती वेळ लागला! हात थरथरत होता. त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं तेव्हा कुठे पेन्सिल टेकली. मी आपली बडबडत होते. लालीचं झाडणं सांगितलं, बाईंचं सांगितलं, मॅट्रिकला इतिहास किती मोठा आहे ते सांगितलं. काका टिपक्याला टिपका लावत होते. काचेवरचा उजेड कमी कमी होत गेला आणि मग राहिलाच नाही. काका उठले, बाहेर नळावर गेले आणि हात धूत बसले. पेन्सिलीने हात एवढे मळत नाहीत. मी दारातून बघत होते. धुतले, झटकले, आणि परत धुतले.

अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी फोटो कागदावर उतरवला, वाळवला आणि पाकिटात घालून माझ्या हातात दिला. स्वतः त्याच्याकडे बघितलं नाही.

फोटो सुंदर होता. खरंच सुंदर होता. मी वाटेतच पाकीट उघडलं आणि बाभळीखाली उभी राहून बघतच राहिले. तांड्याकडे निघालेली लाली मागून आली आणि तिने तो माझ्या हातातून ओढला.

“चांगली हाय वो. कोण हाय?” ती म्हणाली. मग नीट बघून किंचाळली, “अगं बाई, तू व्हय!”

आम्ही दोघी पोट धरून हसलो. लाली माझ्यापेक्षा जास्त वेळ हसली.

संध्याकाळी बाबा कामावरून आले. आईने लुगड्याला हात पुसले आणि फोटो कंदिलापाशी नेला. तिने बोट फोटोतल्या डाव्या गालावर ठेवलं. “ते तपेलं म्या तिथं ठेवलंच नसतं,” ती म्हणाली, “तं…” आणि फोटो बाबांकडे वळवला.

बाबा खूश. “पाह्य, पाह्य! याले म्हणतेत हात! उद्याच पाठवतो वर्ध्याले.”

“बाबा,” मी विचारलं, “काकाचा हात एवढा काहून थरथरत होता? आन् मले दोन दोनदा काहून विचारलं त्यायनं?”

“वय झालं आता त्याचं.”

“वय नाही,” आई म्हणाली. “मथुरी हाय ते.”

“आता जुनं कायले काढतं?”

“तिले माहीत पाह्यजे,” आई म्हणाली. आई फार बोलत नाही, म्हणून ती बोलली की बाबासुद्धा गप्प होतात.

आईने सांगितलं ते असं. मथुराताई चार वर्षांची होती तेव्हा गावात देवीची साथ आली. काकी त्यात गेल्या. काका आणि मथुराताई वाचले, दोघांच्या तोंडावर सारखे वण घेऊन. लोक म्हणायचे, बापलेक एकाच साच्यातले. मथुराताई अठरा वर्षांची झाली आणि फुलसावंगीचं स्थळ आलं. त्यांनी फोटो मागितला. काकांनी पोरीला त्याच पडद्यापुढे बसवलं, फोटो काढला आणि टेबलावर घेतला.

“त्यानं ठरवून नाही केलं,” आई म्हणाली. “दिवसभर लोकायचे वण पुसो, तिळ पुसो, सुरकुत्या पुसो. हाताले सवय. तिचेही पुसले. त्याले वाटलं पोरीचा फोटो चांगला झाला.”

लग्न झालं. सासरच्यांनी मुलीला परत पाठवलं नाही. त्यांनी तो फोटो चौकटीत घालून बैठकीत लावला. आलेल्या-गेलेल्याला सासू फोटो दाखवायची आणि म्हणायची, ‘ही ठरली होती,’ आणि मग घरात काम करणाऱ्या मथुराताईकडे हात करून, ‘ही आली.’

“पयल्या खेपेले मथुरी माहेरी आली,” आई म्हणाली, “तवा इथंच बसली होती, या दारात. मले म्हणाली, मावशी, सासूचं मले काही वाटत नाही. मले वाटे, जगात एका माणसाले तरी माहं तोंड असंच चांगलं दिसते. त्याच्याही तोंडावर तेच हाय. आन् त्यानंच पुसलं.”

कंदिलाची काच काळी पडली होती. आईने वात कमी केली.

“गेली ते गेली. मंग त्यानं दुकानच बंद केलं. म्हणे, पेपरात कोणी वण पुसा म्हणत नाही, मी पेपरचेच फोटो काढतो. मेंबरकीचं इचारलं तवाही नको नको म्हणत होता. मंग एक दिवस मलेच म्हणाला, वयनी, मेंबर झालो तं घरात माणसं तरी येतीन.”

मला ओसरीवरची ती अकरा माणसं दिसली, आणि ती गेल्यावर फाटकाकडे बघणारे काका. त्यांनी मला विचारलं होतं. एकदा नाही, दोनदा. नाही म्हण, असं ते मला सांगत होते की काय कोण जाणे, आणि मी म्हणाले काढा. मथुराताईला त्यांनी विचारलं नव्हतं. मला विचारलं, तर मी त्यांच्या हातून तेच पुन्हा करून घेतलं आणि वर बडबडत बसले.

“मथुरीचे तोंडभर होते वो,” बाबा म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. “आपल्या सत्तीचा एवढासा तं डाग. कोण पाह्यते?”

“सगळे पाह्यतेत, बाबा,” मी म्हणाले. “आन् लगेच तिकडं पाह्यतेत.”

मी आईच्या हातातून फोटो घेतला आणि पाकिटात घातला. उभी राहिले. वक्तृत्वाला उभी राहते तशीच, फक्त इथे पुढे टेबल नव्हतं.  

“हा फोटो वर्ध्याले जाणार नाही,” मी म्हणाले.

“सत्ते!”

“दुसरा जाईन. मी उद्या काकाकडं जाते आन् पुन्हा बसते. त्यायनं मले जशी हाय तशी काढायची. पेन्सिल नाही. तोच फोटो पाठवा.”

“आन् पोरानं नाही म्हणलं तं?”

“तं मॅट्रिक करीन.”

“आन् हो म्हणलं तं?”

“तरी मॅट्रिक करीन.”

बाबांनी आईकडे बघितलं. आई माझ्याकडे बघत होती, सरळ, दोन्ही गालांकडे, आणि तिने मान दुसरीकडे वळवली नाही.

“बरं मंग,” बाबा उठत म्हणाले. “सकाळी जाऊ. मी सांगतो त्याले, तो माहं ऐकते.”

“नाही बाबा. मी एकटीच जाणार हाय,” मी म्हणाले. “तुम्ही समोर असले का ते ‘बरं’ म्हणतेत.”